गणित कुणाच्या नावावर

आमच्या घराच्या बाहेरच्या दाराला कुलूप होतं, आतल्या कशालाच नव्हतं. औरंगपुऱ्यात एका कापडाच्या दुकानाच्या वरती तीन खोल्या आणि मागे अरुंद गच्ची, एवढ्या जागेत आम्ही पाच जण राहायचो: बाबा, आई, बाबांच्या पाठची बहीण शैलाआत्या, सगळ्यांत धाकटे अनंतकाका आणि मी. घरातली कपाटं उघडीच असायची. आईच्या ट्रंकेची कडी नुसती अडकवलेली असे. आत्याला आलेलं पत्र आधी काका वाचत आणि मग तिलाच मोठ्याने वाचून दाखवत. ती चिडली की म्हणत, "अगं, घरचंच तर आहे." माझ्या वह्या कुणीही उघडे. बाबा घरातले कर्ते, त्यामुळे त्यांना कोणतीही वस्तू विचारून उघडावी लागत नसे, आणि विचारावं असं त्यांच्या किंवा आमच्या मनात कधी आल्याचं मला आठवत नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. पुढे जे घडलं ते समजायला घर कसं होतं हे माहीत असायला हवं, इतकंच.

बाबा पंचांगकर्ते होते. आजोबांनी सुरू केलेलं एक पातळ, केशरी वेष्टनाचं पंचांग दरवर्षी आमच्या घरातून निघे आणि मराठवाड्यातल्या गावोगावी जाई. पहिल्या पानावर एक ओळ असे: सूर्योदय औरंगाबादचा धरला आहे. (शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. सूर्योदय तोच आहे.) तिथी कधी संपते, नक्षत्र कधी बदलतं, हे सगळं बाबा हाताने काढत. उन्हाळाभर ते गणित करत आणि पावसाळ्यात आम्ही ते तपासत. तपासणी म्हणजे एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने ताडून पाहायचं. बाबा वाचत, मी पाही. "चतुर्थी, सतरा बावीस." "हो." "पंचमी, पंधरा एक्कावन्न." "हो." मधूनच बाबा मुद्दाम एक आकडा चुकवत आणि मी "हो" म्हटलं की चष्म्यावरून माझ्याकडे पाहत. आतून फोडणीचा चर्र आवाज येई, येसर आमटीचा खमंग वास येई आणि मी आकड्यावरचं बोट न हलवता थांबून राही. पुढे तीस वर्षं वर्तमानपत्रात बातम्या तपासताना बोट तसंच ओळीवर राहिलं.

मशीन आलं ते टेम्पोतून, दोन गोधड्यांत गुंडाळून. शैलाआत्या गणितात एम.एस्सी. झाली होती आणि पैठण रस्त्यावर चितेगावला एका कारखान्याच्या संगणक विभागात नोकरीला होती. कारखान्याने नवं मशीन घेतलं, जुनं भंगारात जाणार होतं, ते तिने मागून घेतलं. आजच्या वाचकाला हे सांगायला हवं की तो एकट्याने वापरायचा संगणक नव्हता. एक जड पेटी होती, आणि तिला वायरींनी जोडलेले तीन पडदे व तीन कळफलक होते. तिघे एकाच वेळी तीन ठिकाणी बसून काम करत, पण सगळ्यांचं सगळं साठे त्या एकाच पेटीत. आत्याने एक पडदा बैठकीत बाबांच्या पाटाशेजारी ठेवला, एक स्वतःच्या टेबलावर आणि एक स्वयंपाकघराच्या दारालगत माझ्यासाठी आणि काकांसाठी. स्टॅबिलायझर दर थोड्या वेळाने खट्ट करी. प्रिंटर सुरू झाला की खालच्या दुकानातला माणूस रस्त्यावर येऊन वर पाहत असे. पहिले काही दिवस काका येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून वर आणत आणि एखाद्या ओळखीच्याच्या नावाची दहा पानं छापून देत.

दुसऱ्या आठवड्यात आत्याने आम्हाला समोर बसवून मशीनचा कायदा सांगितला. सकाळची वेळ होती, प्रत्येकाच्या हातात सुशीलाची, म्हणजे फोडणीच्या मुरमुऱ्यांची, ताटली होती.

"इथं प्रत्येक फाईलला एक मालक असतो," ती म्हणाली. "मालकाशिवाय फाईलच नसते. ज्यानं बनवली त्याची ती. मग तीन प्रकारची माणसं: मालक, मालकाच्या गटातले, आणि बाकी सगळी दुनिया. आणि तीन गोष्टी: वाचणं, लिहिणं, चालवणं. कुणाला काय करू द्यायचं ते मालक ठरवतो."

"गट म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"आपल्या गटाचं नाव मी 'घर' ठेवलंय. आपण सगळे त्यात."

"मग झालं की," काका म्हणाले. "घरच्यांना सगळं उघडं."

"मालकानं ठेवलं तर उघडं. नाही ठेवलं तर नाही."

"घरातल्या घरात?"

"घरातल्या घरातच तर लागतं, अन्या. बाहेरचे इथं कशाला येऊ लागले?"

तिने मलाही एक नाव, एक पासवर्ड आणि पेटीच्या आत एक जागा दिली. जागेला ती खोली म्हणे. मग माझ्या मागे उभी राहून तिने मला एक आज्ञा टाइप करायला लावली, आणि म्हणाली, "आता हिच्यात तुझ्याशिवाय कुणी येऊ शकत नाही. दादासुद्धा." मी सतरा वर्षांची होते. त्या दुपारी मी खोलीत एक फाईल बनवली, तिच्यात एक ओळ लिहिली आणि दुसऱ्या पडद्यावर काकांच्या नावाने ती उघडायचा प्रयत्न केला. पडद्यावर अक्षरं आली: परमिशन डिनाइड. मी ते पुन्हा केलं, पुन्हा तेच आलं. ती ओळ काय होती ते विसरले आहे. नकार लक्षात आहे.

बाबांना पहिला नकार मिळाला तो प्रसंग माझ्यासमोरचा. आत्याने दोन वर्षं खपून पंचांगाच्या गणिताचा प्रोग्राम लिहिला होता. बाबांची हाताची रीत, आजोबांपासून चालत आलेली, तिने एकेक पायरी विचारून घेतली, मग त्यात नसलेल्या कित्येक गोष्टी स्वतः घातल्या. रोज संध्याकाळी कारखान्याच्या बसमधून उतरली की हातपाय धुऊन ती पडद्यासमोर बसे. फाईलचं नाव साधं होतं: गणित. पहिल्या वर्षी बाबांनी सगळं पंचांग हातानेही काढलं आणि दोन्ही जुळवून पाहिली. नंतर हाताने काढणं कमी केलं. नियम त्यांनीच घातला होता की एकदा पास केलेलं पान कुणी बदलायचं नाही, कारण आधी एकदा छपाईच्या तोंडावर कुणीतरी केलेल्या दुरुस्तीने एका महिन्याची पानं फुकट गेली होती. आत्याने तो नियम मशीनला सांगून ठेवला. एके दिवशी बाबा पास झालेल्या पानातला एक आकडा बदलायला बसले. मशीनने नाही म्हटलं.

बाबांनी हात मागे घेतले. "हे कोण म्हणतंय?"

"तूच," आत्या तिच्या टेबलावरून म्हणाली. "पास झालं की कुणी हात लावायचा नाही, असं तू सांगितलंस."

"मलाही?"

"तू तेव्हा स्वतःला वगळलं नव्हतंस."

बाबांनी पडद्यावरचे 'परमिशन डिनाइड' हे दोन शब्द पुन्हा वाचले. मला वाटलं, आता रागावतील. ते उठले, गच्चीत गेले, परत आले, आणि आईला म्हणाले, "अगं, पाहिलंस का? माझाच शब्द मलाच ऐकवतंय." त्यांच्या आवाजात ग्रहण पाहून आल्यावर असायचा तसा भाव होता. त्यानंतर घरी आलेल्या प्रत्येकाला ते हे सांगत: यात मलाही हात घालता येत नाही. ऐकणाऱ्यांना त्यात कौतुक करण्यासारखं काय आहे ते कळत नसे. काकांना ते आवडत नसे. "कर्त्या माणसाला मशीन नाय म्हणतं, अन् हे गावभर सांगतेत," असं ते आईजवळ पुटपुटत.

सगळ्यांच्या वर एक रूट होता. रूट म्हणजे मशीनचा असा वापरकर्ता, ज्याला कशालाच नकार मिळत नाही. तो कुणाचीही फाईल उघडू शकतो, बदलू शकतो, पुसू शकतो, एकाची दुसऱ्याच्या नावावर करू शकतो. त्याचा पासवर्ड ज्याच्याकडे, त्याचं सगळं मशीन. आत्याला हवं असतं तर ती कायम रूट म्हणूनच बसू शकली असती. ती कधी बसली नाही. कारखान्यात पासवर्ड दोन अधिकाऱ्यांत वाटलेला असे, ती पद्धत तिने घरी आणली. अर्धा तिच्याकडे, अर्धा आईकडे. एकीने टाइप करायचा, उठायचं, मग दुसरीने बसून उरलेला टाइप करायचा, आणि त्या वेळी बाकीच्यांनी तोंड फिरवायचं. आईला मशीनमधलं दुसरं काहीही येत नव्हतं.

"मला का नाही दिला अर्धा?" बाबांनी विचारलं होतं.

"तू मागितलास तर तुला कोण नाही म्हणणार?" आत्या म्हणाली. "वहिनीकडं मागताना मात्र तुला कारण सांगावं लागेल."

आई हसली नाही. तिने आपला अर्धा भाग स्वतः ठरवला, दोन बोटांनी एकेक अक्षर शोधून टाइप केला, आणि तो काय होता ते मला आजही माहीत नाही. महिन्यातून एखाद्या वेळी आत्या हाक मारी, "वहिनी, रूट व्हायचंय." आई पिठाचे हात धुऊन, पदराला पुसून येई. काम झालं की आत्या बाहेर पडे आणि मोठ्याने सांगे, "झालं, बंद केलं." हे इतकं सवयीचं झालं होतं की त्यात काही वेगळं आहे हे मला कळलं नाही. नंतर मोठ्या कार्यालयांत मी सगळ्या किल्ल्या एकाच माणसाच्या हातात पाहिल्या, त्या माणसाभोवती इतर कसे वागतात तेही पाहिलं, आणि तेव्हा मला आमच्या बैठकीतल्या त्या दोन बायका आठवत.

त्या वर्षी गणपती बसायच्या आधी आत्याचं लग्न ठरलं. ती पस्तिशीच्या पुढे होती. मुलगा नांदेडला कॉलेजात प्राध्यापक होता, पहिली बायको वारलेली. घरात आनंद होता आणि त्याच्या पाठोपाठ काकांची काळजी. आमच्याकडे मुलगी सासरी जाताना किंवा पुढे कधीतरी भावांच्या नावाने हक्कसोड करून देते. वडिलांच्या घरावर आणि जमिनीवर माझा काही दावा नाही, असं लिहून सही करायची. कुणी जबरदस्ती करत नाही. भाऊ साडी देतात, बहीण सही करते, सगळे जेवतात. आईनेही तिच्या भावांना तशी सही दिली होती. आत्याने घराची सही लगेच केली. पेन खाली ठेवताना म्हणाली, "तीन खोल्या अन् एक गच्ची. नेणार तरी कुठं?"

मग काका म्हणाले, "अन् मशीनमधलं?"

"मशीनमधलं काय?"

"गणित तुझ्या नावावर आहे. मी पाहिलं. उद्या तिकडचे म्हणले, हे आमच्या सुनेचं आहे, तर पंचांग काढायचं कुणी?"

"तिकडच्यांना पंचांग वाचता येतं का ते आधी विचारून ये."

"चेष्टा नको, शैला. पंचांग दादांचं आहे. सगळं दादांच्या नावावर असावं, बस्स. पुढं वाद नको."

आत्या बाबांकडे पाहत होती. बाबा पाटावर बसून कागद जुळवत होते. त्यांनी मान वर केली नाही. आता विचार करताना वाटतं, त्यांना त्या क्षणी काय म्हणावं ते सुचलं नसावं. हक्कसोड ही बहिणीने भावाला न मागता देण्याची गोष्ट होती, आणि नको म्हणण्याची रीत कुणी घालून दिलेली नव्हती. आत्याने त्यांच्या बोलण्याची वाट पाहिली. मग म्हणाली, "ठीक आहे. तुमचं तुम्ही करा. मी त्या वेळी समोर बसणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी चितेगावच्या बसला जाण्याआधी तिने आपला अर्धा पासवर्ड टाइप केला आणि चप्पल घालून निघून गेली. आईने उरलेला अर्धा टाइप केला आणि धपाटे थापायला आत गेली. काका रूट होऊन एकटे बसले. त्यांनी औरंगपुऱ्यातच एका क्लासमध्ये थोडं शिकून घेतलं होतं, मालकी बदलायची आज्ञा त्यांना येत होती. त्यांनी ती फक्त गणिताला दिली असती तर हे प्रकरण मी लिहिलं नसतं. पण हक्कसोडीच्या कागदात जसं स्थावर, जंगम, असेल नसेल ते सर्व असं लिहितात, तसं काकांना काहीही सुटू द्यायचं नव्हतं. त्यांनी आज्ञा पेटीच्या अगदी वरच्या टोकापासून दिली: इथून खाली जे जे आहे ते सगळं बाबांच्या नावावर. मशीन बराच वेळ गुरगुरत राहिलं. मग काकांनी रूट बंद केला आणि नेहमीप्रमाणे मोठ्याने सांगितलं, "झालं, बंद केलं."

दुपारी पास झालेली पानं छापून काढायची होती. ती मागच्या गल्लीतल्या छापखान्यात जायची, तिथे त्यांवरून छपाईच्या प्लेट बनायच्या. काकांनी प्रिंटरला आज्ञा दिली. प्रिंटर हलला नाही. मी दिली, नाही. माझ्या खोलीत एक फाईल बनवायला गेले तर नकार आला, कारण खोली माझी राहिली नव्हती. शेवटी बाबा स्वतः बसले. सगळं ज्यांच्या नावावर होतं, त्यांचंही एक पान निघेना.

छापखान्याचे जब्बारचाचा जिन्यावरूनच बोलत आले. "क्या भाभी, पन्ने कब देते? मशीन खाली खडी है, कारीगर लोगां चाय पी पी को थक गए."

"आज होऊन जातं, चाचा," काका म्हणाले.

"कल भी येइच बोले थे तुम."

आईने त्यांना पाणी दिलं. जब्बारचाचा पाटावर बसलेल्या बाबांकडे आणि काळ्या पडद्याकडे पाहून परत गेले. त्यांच्याकडे आमच्यासाठी राखून ठेवलेले दिवस होते, त्यापुढे दुसऱ्यांचं काम होतं. पानं चुकली तर त्या वर्षी पंचांग वेळेवर निघणार नव्हतं.

संध्याकाळी आत्या आली. चप्पल काढता काढता तिने पडदा पाहिला, कळफलकावर दोन-तीन आज्ञा दिल्या आणि तशीच उभी राहिली.

"अन्या, काय केलंस?"

"दादांच्या नावावर केलं. सगळं."

"सगळं?"

"काही सुटायला नको म्हणून."

आत्या खुर्चीवर बसली आणि हसू लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने आम्हाला सांगितलं की त्या पेटीत आमच्याशिवाय आणखीही राहणारे होते. छपाई सांभाळणारा एक होता, त्याला छपाईपुरतीच जागा आणि तेवढाच अधिकार. निरोप पोहोचवणारा दुसरा. ठरल्या वेळी कामं सुरू करणारा आणखी एक. प्रत्येकाला आपल्या खोलीपुरतं लिहिता येई, दुसऱ्याच्या नाही, आणि त्यामुळेच सगळं चाले. काकांनी त्या सगळ्यांची घरं काढून बाबांच्या नावावर केली होती. छपाईवाल्याला आता स्वतःच्याच खोलीत पान ठेवता येत नव्हतं.

मी त्या पेटीकडे पाहत होते. इतकी वर्षं ती माझ्या हाताच्या अंतरावर होती, आणि तिच्यात एवढी वस्ती आहे, आपापला उंबरा सांभाळून, याची मला कल्पना नव्हती. बाबा पाटावरून उठून जवळ आले होते. "हे सगळे कायम असतात?" त्यांनी विचारलं. "आपण झोपलो तरी?" आत्या म्हणाली, "असतात." बाबांनी पेटीवर हात ठेवला.

"मशीनबरोबर आलेला एक प्रोग्राम आहे," आत्या म्हणाली. "त्यांचं त्यांना परत देता येतं. आपलं मात्र कुणाचं काय होतं ते त्याला माहीत नाही. माझ्याकडं सगळ्याची नक्कल ठेवलेली टेप आहे, तिच्यावरून सगळं पूर्वीसारखं करता येईल. पण ते मी करणार नाही. तुम्ही बोलून घेतलंत, आता बोलूनच द्या. मी एकेक नाव वाचते, ज्याचं त्यानं सांगा. वहिनी, रूट व्हायचंय."

आत्याने आपला अर्धा टाइप केला आणि उठली. आई येऊन खुर्चीवर बसली. आम्ही तोंडं फिरवली. कळांचा आवाज आला नाही. आम्ही थांबलो, तरी आला नाही. मी वळून पाहिलं तर आईचे हात मांडीवर होते.

"वहिनी?" काका म्हणाले.

"आधी गणित कुणाचं ते ठरू द्या," आई म्हणाली. "मग मी माझं टाकते."

"ते नंतर बघू ना. जब्बारचाचा थांबलेत."

"थांबू द्या की. मी पण थांबले. मी माझ्या भावांना सही दिली तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं, अन् मी पण काही बोलले नाही. जमीन काही मी नांगरली नव्हती, म्हणलं जाऊ दे. वन्संनी हे नांगरलंय. मी रोज पाहिलंय."

आईला मी घरात इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. काका "अहो वहिनी, पण पंचांग दादांचं..." एवढंच म्हणाले आणि बाबांकडे पाहू लागले. खाली एक रिक्षा घरघर करत उभी होती. बाबा आत्याकडे वळले.

"शैला, मला ते गणित वाचता येईल का?"

"गटाला वाचता येईल असं ठेवलं तर."

"चालवता?"

"तेही."

"लिहिता?"

बाबाच म्हणाले, "लिहायचं नको. मला लिहिता आलं, तर मी लिहीन. मी त्या दिवशी लिहायला बसलोच होतो." मग ते आईला म्हणाले, "गणित शैलाचं. घरानं वाचावं, चालवावं. टाक तू."

"अन् दादा, उद्या तुम्हाला त्यात काही बदलायचं झालं तर?" काकांनी विचारलं.

"तिला विचारायचं."

"ती नांदेडला असंल."

"मग नांदेडला जाऊन विचारायचं."

आईने हात कळफलकावर ठेवले. आम्ही पुन्हा तोंडं फिरवली, आणि या वेळी एकेका कळीचा आवाज आला.

आत्याने आधी पेटीतल्या रहिवाशांचं त्यांना दिलं. मग आमची नावं वाचायला घेतली. काकांच्या जाहिरातींच्या फायली काकांना गेल्या, बाबांची सारण्यांची जागा बाबांकडे राहिली. माझ्या खोलीचं नाव आलं तेव्हा बाबा म्हणाले, "ती नीलूची. दिवसभर माझ्या नावावर होती, पण मी उघडलेली नाही." आत्या पडद्याकडे पाहत म्हणाली, "दिसतंय मला. फाईल शेवटची कधी उघडली ते मशीन लिहून ठेवतं." बाबांनी मान हलवली, जणू हे असंच असायला हवं होतं. घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाकडे दिवसभर माझी किल्ली होती आणि त्याने दार ढकलून पाहिलं नाही, ही गोष्ट माझ्या बुद्धीत नीट उतरायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. प्रिंटर सुरू झाला, खालच्या दुकानातला माणूस रस्त्यावर आला, आणि जब्बारचाचा स्वतः पानं न्यायला वर आले.

लग्न झालं. आत्या नांदेडला गेली. गणित तिच्या नावावर आमच्या बैठकीत राहिलं. दरवर्षी ते बाबा चालवत, आकडे मी तपासत असे. सुट्टीत माहेरी आली की ती त्यात थोडी सुधारणा करून जाई. बाबांची हाताने पडताळायची सवय गेली नव्हती, आणि एका वर्षी एका एकादशीला त्यांचा आणि गणिताचा मेळ बसेना. फरक थोडासाच होता, पण सूर्योदयाला लागून होता. बाबांच्या हिशेबाने तिथी उजाडायच्या आधी संपत होती, गणिताच्या हिशेबाने उजाडल्यानंतर. त्यावर उपवास कोणत्या दिवशी धरायचा ते ठरणार होतं. बाबांनी पुन्हा काढून पाहिलं. त्यांचं उत्तर तेच आलं.

काका म्हणाले, "वहिनी इथं आहेत. शैलाला फोन लावा, तिचं अर्धं विचारून घ्या, बदलून टाकू."

बाबा म्हणाले, "फोनवर विचारायची गोष्ट आहे का ही?"

त्यांनी आपले कागद पिशवीत घातले, आईकडून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली आणि सकाळच्या एसटीने गेले. माणसाच्या हातात अधिकार असताना तो काय करतो, हे पाहण्याची नोकरी मी आयुष्यभर केली. नकार मिळण्याची शक्यता आहे हे माहीत असूनही विचारायला इतक्या लांब जाणारं माणूस मला त्या नोकरीत फार क्वचित भेटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परतले. पिशवी खुंटीला अडकवली. आईने पाण्याचा तांब्या दिला. काका प्रिंटरजवळच उभे होते.

"काय झालं, दादा?"

"विचारलं."

"मग?"

"माझा सगळा कागद पाहिला तिनं. जेवण झाल्यावर पुन्हा पाहिला. तिच्या सासूबाई म्हणाल्या, अगं, मोठा भाऊ आलाय एवढ्या लांबून. तरी नाही म्हणाली."

"नाही म्हणाली? तुम्हाला?"

"म्हणाली, दादा, तुझं चुकतंय, मी बदलणार नाही." बाबा पाटावर बसले आणि आल्यापासून पहिल्यांदाच हसले. "जब्बारला निरोप दे. पानं आहेत तशी तयार आहेत म्हणावं."